लीलाच्या रक्तातल्या मोठ्या पेशी

तुळजापुरात बसस्टँडच्या मागच्या बोळात अंबादासची लॅब आहे. लॅब म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत पेशंटला बसायला बाकडं आणि मागच्या खोलीत मशिनं. घराणं पुजाऱ्याचं. भाऊ, चुलतभाऊ, त्यांची पोरं, सगळी देवळात. ह्यानंच तेवढा रक्त तपासायचा कोर्स केला आणि लोकांच्या दंडाला रबर बांधायला बसला. वडलांनी तेव्हा विचारलं होतं की, भक्ताच्या कपाळाला हात लावायचं सोडून दंडाला कशाला लावतोस? अंबादास म्हणाला, दंडाला लावला की रिपोर्ट मिळतो. वडील चार महिने बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत हे अंबादासच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

माणूस तसा भांडखोर. वाईट नव्हे, नुसता भांडखोर. रिक्षावाल्याशी भांडेल, वीजबिलाशी भांडेल, टीव्हीवरच्या हवामानखात्याशी भांडेल. पण ह्या सगळ्या किरकोळ लढाया. खरं भांडण बायकोशी, लीलाशी. लीला प्राथमिक शाळेत शिक्षिका, तीही कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. सकाळच्या चहातल्या साखरेपासून जे सुरू व्हायचं ते रात्री खिडकी उघडी ठेवायची का बंद, इथपर्यंत. बोळातल्या लोकांना त्याची इतकी सवय होती की दोघं कुठं गावाला गेली की शेजाऱ्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

दोन वर्षांमागं लीलाला छातीत उजव्या बाजूला गाठ निघाली. कॅन्सरची. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग औषधं चढवली, मग रेडिएशनचा शेक दिला. ह्या सबंध काळात दोघांनी भांडण सोडलं नाही. एसटीत खिडकीकडं कोण बसणार, ह्यावरून जाताना भांडायची आणि येतानाही. औषधाची बाटली शिरेत चढत असताना लीला खुर्चीतून विचारत होती की, दुधाखालचा गॅस बंद करून आलात का? तो बंद करून आला नव्हता. शेजारच्या खुर्चीतल्या बाईला हसून हसून ठसका लागला. केस गेले, परत आले, लीला शाळेत रुजू झाली. आता सहा महिन्यांनी एकदा बार्शीला दाखवायला जायचं, बाकी सगळं पहिल्यासारखं.

अशात श्रावस्ती आली. मूळची मुरुमची, राजपाल गुरुजींची मुलगी. पुण्यात एका संशोधन संस्थेत होती आणि तिथं तिनं एक मशीन बनवलं होतं. पेटी जेवणाच्या डब्याएवढी आणि तिच्यात बसणारी चीप काडेपेटीएवढी, काचेसारखी आरपार. तिच्यातून केसाहून बारीक वाटा काढलेल्या. श्रावस्तीला बघायचं होतं की पुण्याच्या एसीतलं मशीन धाराशिव जिल्ह्यातल्या धुळीत, जाणाऱ्या-येणाऱ्या लाइटीत आणि साध्या माणसाच्या हातात चालतं का. ती चार-पाच लॅबवाल्यांकडं जाऊन आली. सगळ्यांनी विचारलं, ह्यात आम्हाला काय मिळणार? अंबादासनं विचारलं, हे चालतं कसं? मशीन अंबादासकडं राहिलं.

चालतं कसं ते तिनं दोन तास सांगितलं. कॅन्सरच्या गाठीतून कधीकधी एखादी पेशी सुटून रक्तात येते. रक्तातल्या कोट्यवधी पेशींत अशा एक-दोन. त्या शोधायला एरवी महागडे रंग लावावे लागतात, तेव्हा त्या उठून दिसतात. ह्या चिपेत रंग नाही, काही नाही. रक्त पातळ करायचं आणि सोडायचं. वाटेत बारीक बारीक खांब आहेत. लहान, मऊ पेशी त्यांच्यामधून सरळ निघून जातात. ज्या मोठ्या आणि ताठ आहेत त्या प्रत्येक खांबाला आपटून थोड्या थोड्या बाजूला सरकतात आणि शेवटी वेगळ्याच वाटेला लागतात. तिथं कॅमेरा त्यांचा फोटो काढतो. अंबादासनं हे पुढं सगळ्या बोळाला समजावून सांगितलं, देवळातल्या दर्शनबारीच्या दांड्यांसारखं म्हणून. बारका भक्त सटकतो, जाडा अडकतो आणि पोलिसाला दिसतो. श्रावस्ती म्हणाली, अगदी तसंच नाही. पण तिला दुसरं सोपं उदाहरण सुचलं नाही, म्हणून तेच राहिलं.

काम ठरलं ते असं. आसपासच्या गावांतले, ज्यांच्यावर कॅन्सरचे उपचार चालू आहेत आणि ज्यांनी राजीखुशीनं सही दिली आहे, अशा पेशंटांचं रक्त घ्यायचं. बाटलीवर नाव नाही, नुसता नंबर. पुण्याहून आलेल्या मोठ्या बाटलीतलं मिठाचं पाणी घालून ते पातळ करायचं, चिपेत सोडायचं, बटण दाबायचं. फोटो आपोआप पुण्याला जाणार. त्यांचा अर्थ पुण्याचे लोक लावणार. निरोगी माणसांचं रक्त पुढच्या टप्प्यात, जानेवारीनंतर. अंबादासनं स्क्रीनकडं बघून कुणाला काही सांगायचं नाही, कारण हे मशीन अजून परीक्षा देतंय, त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवायचा नाही. अंबादासनं मान डोलावली. बघून गप्प बसायचं असलं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि त्यानं ते जवळजवळ महिनाभर नीट केलं.

मशीन आलं आणि आठवड्यात नवरात्र लागलं. खंडेनवमीला अंबादासनं दरवर्षीप्रमाणं लॅबमधली हत्यारं पुजली. मायक्रोस्कोप, रक्त फिरवायचं मशीन, फ्रीज, सुयांचा खोका, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. नव्या मशिनला जास्तीचं. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि त्याला लागणारं ते पुण्याचं पाणी म्हणजे त्याचा दाणागोटाच की, म्हणून त्या मोठ्या बाटलीच्या झाकणालाही दोन बोटं हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी सगळं फडक्यानं पुसून काढलं. तो स्वच्छ माणूस होता. पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर पेशंट यायला लागले.

दिवाळी झाली. लीलाला थकवा यायला लागला. शाळेचा जिना चढून गेली की खुर्ची धरून उभी राहायची. तिनं हे त्याला सांगितलं नाही. भांडताना ती मधेच दम खायला थांबली, तेव्हा त्याला कळलं. तो म्हणाला, साखर तपासू. ती म्हणाली, तुम्हाला कुणाचं ना कुणाचं रक्त काढल्याशिवाय करमत नाही. पण हात पुढं केला, डावा. उजव्या बाजूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या बाजूच्या हाताला सुई लावायची नाही हे दोघांनाही पाठ होतं.

साखर नीट होती. नळीत रक्त उरलं होतं. आणि मागच्या खोलीत मशीन चालू होतं.

त्यानं असं का केलं, हे विचारण्यात अर्थ नाही. शेजारी विहीर असताना तहानलेल्या माणसाला परवानगी आठवत नाही. त्यानं लीलाचं रक्त पातळ केलं, चिपेत सोडलं आणि मनाई असलेल्या स्क्रीनपुढं स्टूल ओढून बसला. लाल पेशी सरळ चालल्या होत्या. मग एक मोठी आली. खांबाला आपटत आपटत बाजूच्या वाटेला लागली, आणि कॅमेऱ्यानं तिचा राखाडी फोटो काढला. अंबादासनं स्टूल आणखी पुढं ओढलं. मग दुसरी आली. मग येतच राहिल्या. त्यानं उरलेलं रक्त पुन्हा सोडून बघितलं. पुन्हा तेच. त्यानं मशीन बंद केलं, फोटो पुण्याला जाण्याआधी पुसून टाकले, आणि बाहेर येऊन बाकड्यावर पेशंटसारखा बसून राहिला.

त्या दिवसापासून अंबादास चांगला वागायला लागला. चहात साखर कमी होती, तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी साखर नव्हतीच, तरी बोलला नाही. बाजारातून सीताफळं आणली आणि बिया काढून गर वाटीत घालून लीलापुढं ठेवला. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. इतक्या वर्षांत ह्या माणसानं बायकोपुढं बी काढलेलं काहीही ठेवलं नव्हतं. खिडकी तिला पाहिजे तशी बंद व्हायला लागली. सोलापूरला गेला आणि साडी घेऊन आला, मोरपंखी, तिच्याच आवडीची. कशाबद्दल, म्हणून तिनं विचारलं. तो म्हणाला, उगं. रात्री ती झोपली की तो तिचा श्वास ऐकत पडून राहायचा. रडू आलं की न्हाणीत जाऊन नळ सोडायचा. टाकी लवकर रिकामी व्हायला लागली, तर लीला म्हणाली, टाकी गळती वाटतं. ह्यावर एरवी आठवडाभर पुरलं असतं एवढं भांडण झालं असतं. तो म्हणाला, बघतो.

देवळातही गेला. घरच्या माणसांना वाट मोकळी असताना हा बाहेरून आलेल्या भक्तांच्या रांगेत, कर्नाटकातल्या एका जत्थ्याच्या मागं, दोन तास उभा राहिला. भावानं आतून बघितलं, हाक मारली. अंबादासनं ऐकलं नाही असं दाखवलं. आयुष्यभर ज्या देवीकडं काही मागितलं नाही तिच्याकडं ओळखीवर मागायची त्याला लाज वाटली.

लीलानं हा चांगुलपणा करू दिला. सीताफळ खाल्लं, साडी नेसली. तिनं फक्त एक नवीन काढलं. रविवारी त्याला स्वयंपाकघरात उभं केलं आणि आमटी शिकवली. जिरं कुठल्या डब्यात, काळं तिखट कुठं, गॅसचा नंबर कसा लावायचा. अंबादासला वाटलं, आपण मऊ झालो म्हणून बाई आता सवलत घ्यायला लागली. घेऊ दे, बिचारीला. तो मुकाट्यानं शिकला. पहिली आमटी करपली, दुसरी बरी झाली. मुलगी इरा सोलापुरात शिकत होती, ती सुट्टीला आली, तेव्हा लीलानं हातातल्या दोन पाटल्या काढून तिला दिल्या. लग्नापर्यंत कशाला थांबायचं, म्हणाली. इरा खूश झाली आणि पाटल्या घालून परत गेली.

मग एका शुक्रवारी न कळवता श्रावस्ती आली. चेहरा त्रासलेला. पुण्यातले तिचे सर फार आनंदात होते, कारण तुळजापूरच्या नमुन्यांत भरपूर मोठ्या पेशी सापडत होत्या. श्रावस्ती आनंदात नव्हती. तिचं म्हणणं, जी गोष्ट कोटीत एखादी असते ती भरपूर सापडायला लागली की आपलंच काहीतरी चुकतंय. तिनं चीप बदलली, तरी तेच. नळ्या बदलल्या, तरी तेच. शेवटी रक्त न घालताच मोठ्या बाटलीतलं नुसतं पाणी चिपेत सोडलं आणि दोघं स्क्रीनकडं बघत बसली.

एक मोठी आली. खांबाला आपटत बाजूच्या वाटेला लागली. मग दुसरी.

"काका," श्रावस्ती म्हणाली, "पाण्याला कॅन्सर झालाय."

तिनं बाजूच्या वाटेतला थेंब घेतला आणि अंबादासच्याच जुन्या मायक्रोस्कोपखाली धरला. मशिनचा कॅमेरा काळापांढरा होता, त्याला सगळंच राखाडी. मायक्रोस्कोपला रंग दिसत होता. थेंबात गोल, ठसठशीत, पिवळेधमक कण होते. तिनं डोळा बाजूला केला, बाटली उचलली, झाकण उलटं करून खिडकीपाशी नेलं. झाकणाच्या आट्यांत बारीक पिवळी रेघ बसली होती. प्रत्येक वेळी झाकण फिरलं की त्यातली चिमटीच्या चिमटीएवढी आत झडत होती. हळदीचे कण आणि त्या पेशी, आकारानं सारख्याच. खांबांना काय, जो मोठा आणि ताठ असेल तो बाजूला.

श्रावस्तीच्या घरी खंडेनवमी नसायची. पण मुरुमच्या बाजारात तराजूपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागलेलं बघतच ती मोठी झाली होती. पुण्यात बसून तिनं धूळ, ऊन, लाइट, हात न धुणं, सगळ्याचा बंदोबस्त केला होता. हे तिला सुचलं नव्हतं. ती स्वतःवरच चिडली, अंबादासवर नाही. तिथूनच सरांना फोन केला. सरांनी विचारलं, हळद कुठून आली? ती म्हणाली, खंडेनवमीची आहे सर. आतापर्यंतचे सगळे आकडे फेकून द्यायचे ठरले.

फोन ठेवून तिनं वळून बघितलं तर अंबादास फरशीवर बसलेला. हसत होता, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तिला वाटलं, ह्यांना आपल्या चुकीचा धक्का बसला. ती धीर द्यायला लागली. तेव्हा त्यानं लीलाचं सगळं सांगितलं. चोरून रक्त सोडलं, बघितलं, पुसून टाकलं, सगळं.

श्रावस्ती आवाज न चढवता म्हणाली, हे तुम्ही करायचं नव्हतं काका. तो म्हणाला, नव्हतं करायचं. पण आता जाऊ द्या, हळद होती ती, जीव भांड्यात पडला.

"हळद होती एवढं कळलं," श्रावस्ती म्हणाली. "हळदीशिवाय काही नव्हतं, हे अजून कळलेलं नाही."

अंबादासचं हसू तिथंच थांबलं. ती म्हणाली, काकूंना सांगा. त्यांची इच्छा असेल तर बंद बाटलीतल्या नव्या पाण्यानं, नव्या चिपेत, मी स्वतः करीन. तरी माझं मशीन म्हणजे डॉक्टर नव्हे, बार्शीची तारीख चुकवायची नाही. आणि थकव्याचं कारण रक्त कमी असणं हेही असू शकतं, ते तुम्ही बघितलंत का? अंबादासनं बघितलं नव्हतं. वीस वर्षं तो हीच तपासणी सगळ्या तालुक्याची करत होता.

घरी जाऊन त्यानं लीलाला सांगितलं. तिनं वह्या तपासणं थांबवून सगळं ऐकलं. अंबादास ओरडा खायची तयारी करून बसला होता, तो मिळाला नाही. ती म्हणाली, करते तपासणी. पण निकाल त्या पोरीनं मला सांगायचा, तुम्हाला नाही. आणि सुईही तिनंच लावायची.

संध्याकाळी लीला लॅबमध्ये आली आणि इतर पेशंटांसारखी बाकड्यावर बसली. श्रावस्तीनं तिला सगळं समजावलं, सही घेतली, डाव्या हाताचं रक्त घेतलं आणि आत जाऊन दार लोटलं. अंबादासला त्याच्याच लॅबच्या बाहेर थांबावं लागलं. नेहमीच्या तपासणीत लीलाचं रक्त कमी निघालं, चांगलंच कमी. थकव्याचं कारण सापडलं. पण मशिनचा निकाल अजून बाकी होता. श्रावस्ती म्हणाली, आणखी एकदा करून खात्री करते, उद्या कळवते.

शनिवारी सकाळची शाळा. लीला दुपारी घरी आली आणि फोन वाजला. फोन घेऊन ती आतल्या खोलीत गेली. अंबादास दाराच्या अलीकडं उभा. आतून नुसतं हं, हं, बरं, एवढं ऐकू आलं. ती बाहेर आली, फोन टीव्हीवर ठेवला आणि मेथी निवडायला बसली.

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. वह्या तपासताना असायचं तसं तोंड, पास का नापास काही कळू न देणारं. तो म्हणाला, काय म्हणाली? ती म्हणाली, सांगते. मेथी निवडून झाली. तिनं धुतली, चिरली. तो मोरीपाशी गेला, परत आला. तिनं दुपारची झोप काढली, म्हणजे निदान डोळे मिटून पडली. तो तिच्या पायाशी बसून राहिला. एकदा त्यानं फोन हातात घेतला, श्रावस्तीला लावायचा म्हणून, आणि ठेवून दिला. स्वतःच्याच घरात माणसाचा जीव इतका टांगणीला लागू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा ती उठली, चहा केला, दोन कप घेऊन आली आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसली.

"काय न्हाय निघालं," लीला म्हणाली. "एक बी न्हाय."

अंबादासनं कप खाली ठेवला.

"दुपारीच सांगितलं व्हय तिनं?"

"दुपारीच."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"कसं वाटलं दुपारभर?"

"लई वाईट," अंबादास म्हणाला. खरंच फार वाईट वाटलं होतं.

"मला महिनाभर वाटत होतं," लीला म्हणाली. "तुम्ही भांडायचं सोडलं तवाच मी ओळखलं. आमटी काय उगं शिकवली व्हय तुम्हाला?"

अंबादासनं पाटल्या गेलेल्या तिच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाला, "मग मला विचारलं का न्हाईस?"

लीलानं चहाचा घोट घेतला.

"विचारलं असतं," ती म्हणाली, "आन तुम्ही खरं सांगितलं असतं तर?"

अंबादास उठला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.